एका पत्रात सात वेळा ‘लागणे’

वाचकाचं पत्र

ताई, चौदा वर्षं घर सांभाळून पुन्हा नोकरीला लागले. घडी बसायला थोडा वेळ लागला, पण आता कामात मन लागतं. अडचण इंग्रजीची आहे. मागच्या आठवड्यात मॅनेजरनी एका अंदाजपत्रकाविषयी मेल केला, ‘रन धिस बाय अकाउंट्स फर्स्ट’. मला वाटलं, हे अकाउंट्सकडून करून घ्यायचं आहे. मी फाइल त्यांच्याकडे पाठवून दिली आणि दोन दिवस वाट पाहत बसले. शेवटी घाईघाईत सगळं मलाच करावं लागलं. बैठकीत एक सहकारी हसला, ते मनाला लागलं. घरी येऊन शब्दकोश उघडला, तर ‘रन’चे अर्थ वाचता वाचता रडूच यायला लागलं. वहीत त्रेसष्ट अर्थ उतरवून घेतलेत, पण ऐन वेळी एकही आठवत नाही. एका शब्दाचे इतके अर्थ लोक लक्षात कसे ठेवतात? या वयात माझा निभाव लागेल का?

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा अडचण समजून घ्यायला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. एवढ्याशा पत्रात तुम्ही ‘लागणे’ हे एकच क्रियापद सात वेळा वापरलंय आणि सातही वेळा त्याचा अर्थ निराळा आहे. नोकरीला लागलात म्हणजे रुजू झालात. वेळ लागला म्हणजे खर्ची पडला. मन लागतं म्हणजे रमतं. करावं लागलं म्हणजे दुसरा इलाज नव्हता. मनाला लागलं म्हणजे दुखलं. रडू यायला लागलं म्हणजे सुरुवात झाली. आणि निभाव लागेल का म्हणजे तग धरता येईल का. हे लिहिताना तुम्ही कुठे अडखळल्याचं दिसत नाही. ‘लागणे’चे अर्थ तुम्ही कधी वहीत उतरवले असतील असंही मला वाटत नाही.

तेव्हा वयाची आणि बुद्धीची शंका आधी काढून टाका. ‘रन’इतकंच अवघड क्रियापद तुम्ही रोज सहज वापरता. फक्त ‘रन’ ज्या वाटेनं शिकायला निघालात, ती वाट चुकली.

माझ्याकडे पूर्वी एक परदेशी मुलगी मराठी शिकायला यायची. फार मेहनती. तिनं वहीत ‘लागणे’समोर एक अर्थ लिहिला होता, ‘स्पर्श होणे’. दगड पायाला लागला, इथपर्यंत सगळं नीट चाललं. मग तिला तहान लागली, दिवा लागला, दार लागलं, निकाल लागला, झाडाला फळं लागली आणि कुणीतरी कुणाचा मामा लागला. एक दिवस तिनं वही माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, ‘यात स्पर्श कुठे आहे?’ मला लगेच उत्तर देता आलं नाही. मराठी माझी आईची भाषा, पण हा प्रश्न मला तोवर कधी पडलाच नव्हता.

त्या रात्री मी विचार करत बसले आणि लक्षात आलं की स्पर्श सगळीकडे आहे. ‘लागणे’च्या मुळाशी संस्कृत ‘लग्न’ हा शब्द आहे. लग्न म्हणजे जोडलं गेलेलं, चिकटलेलं. विवाहाला आपण लग्न म्हणतो तेही त्यातूनच आलं. तहान कुठूनतरी येऊन माणसाला चिकटते. दार चौकटीला चिकटतं. फळ फांदीला जोडलेलं असतं. मामाही नात्यानं जोडलेला असतो. दुसऱ्या दिवशी मी तिला एवढंच सांगितलं की काहीतरी येऊन कशाला तरी जोडलं जातंय, असं चित्र डोळ्यांपुढे आण आणि मग वाक्य वाच. ‘मला जावं लागलं’ या वाक्यापाशी ती जरा थांबली आणि म्हणाली, ‘म्हणजे जाणं माझ्यामागे लागलं.’ व्याकरणाच्या पुस्तकात याहून चांगलं स्पष्टीकरण मी वाचलेलं नाही.

‘रन’कडेही असंच बघायचं आहे. पण त्याआधी आकडे सांगते, कारण वहीतल्या त्रेसष्टाचं ओझं त्यानं उतरेल. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश १८८४ पासून भागाभागानं निघत गेला आणि १९२८ मध्ये पुरा झाला. १९८९ ची दुसरी आवृत्ती वीस खंडांची होती. तिच्यात सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ आणि सुमारे ६०,००० शब्दांचा मजकूर. पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम ‘रन’पर्यंत पोहोचलं, तेव्हा ‘रन’नं ‘सेट’ला मागे टाकलं. क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. संपादक पीटर गिलिव्हर यांना या एका शब्दासाठी नऊ महिन्यांहून जास्त काळ लागला. ज्यांचा पेशाच शब्दकोशाचा आहे, त्यांची ही गोष्ट. रस्त्यावरच्या कुठल्याही इंग्रजाला हे ६४५ अर्थ विचारलेत तर दहा-पंधरानंतर तो थांबेल, आणि तरी त्यातले बहुतेक तो आयुष्यभर बिनचूक वापरत असतो. तो ते पाठ करत नाही, जसे तुम्ही ‘लागणे’चे केले नाहीत.

इतके अर्थ या शब्दांनाच का, असाही प्रश्न तुमच्या पत्रात दडलेला आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये दाखवून दिलं की जो शब्द जास्त वापरात, त्याला सहसा अर्थही जास्त. नवी वस्तू, नवी क्रिया समोर आली की माणूस दर वेळी नवा शब्द घडवत नाही. हाताशी असलेला आणि तोंडात बसलेला शब्दच पुढे करतो. कापडाच्या गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, वीज आली, संगणक आला. हे सगळं चालू ठेवायचं होतं, आणि इंग्रजीच्या हाताशी ‘रन’ होता.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या वहीत पहिला अर्थ ‘धावणे’ असणार, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. धावणे म्हटलं की आपल्याला पाय दिसतात. पाय बाजूला ठेवा. मग काय उरतं? न थांबता पुढे जात राहणं. एवढंच मनात धरा आणि बघा. मशीन रन होतं, आपलं मशीन चालतं. कंपनी रन करतात, आपण ती चालवतो. करार तीन वर्षं रन होतो, आपला तीन वर्षं चालतो. नाटकाला लाँग रन मिळतो, आपलं नाटक खूप दिवस चालतं. प्रोग्राम रन करून बघतात, आपण चालवून बघतो. एखाद्या घरात उंची किंवा गाता गळा ‘रन्स इन द फॅमिली’, आपल्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. इंग्रजी जिथे धावते, तिथे मराठी चालते. चाल वेगळी, कल्पना तीच. तुमच्या त्रेसष्टांतले बरेचसे अर्थ या एका ओळीत बसतील, आज रात्रीच करून बघा.

दुसरा मोठा गट पाण्याचा. नदी रन होते, नळ रन होतो, सर्दी झाली की नाक रन होतं. मराठीत ही तिन्ही वाहतात. हा अर्थ कुणी मागाहून चिकटवलेला नाही. इंग्रजी आणि जर्मन या दोन्ही भाषा ज्या जुन्या जर्मानिक भाषेतून निघाल्या, तिथल्या या शब्दाच्या मुळात धावणं आणि वाहणं एकत्रच होतं. आजच्या जर्मनमध्ये ‘रेनेन’ म्हणजे धावणं आणि ‘रिनेन’ म्हणजे संथ धारेनं वाहणं, अशी दोन सख्खी भावंडं अजून आहेत. जुन्या इंग्रजीतही स्वतः धावणं आणि दुसऱ्याला धावायला लावणं यांसाठी वेगवेगळी रूपं होती. पुढे ती एकमेकांत मिसळली. म्हणून आज ‘ही रन्स’ म्हणजे तो धावतो आणि ‘ही रन्स द ऑफिस’ म्हणजे तो ऑफिस चालवतो. शब्द तोच. आपण चालणे आणि चालवणे असा भेद ठेवला, इंग्रजीनं तो पुसून टाकला. त्यामुळे ‘रन’ दिसला की लगेच पुढे बघायचं, त्याच्यानंतर एखादी वस्तू आहे का? असेल तर बहुतेक वेळा ‘चालवणे’च्या जवळचं काहीतरी असणार.

पाण्याच्या या चित्रामुळे आणखी एक गाठ सुटते. ‘वी आर रनिंग आऊट ऑफ टाइम’ यात कुणी धावत नाही. भांड्यातलं पाणी वाहून चाललंय, तळ दिसायला आलाय, म्हणजे वेळ संपत आलाय. शाई, पैसे, कल्पना, धीर, सगळं असंच रन आऊट होतं. क्रिकेटमधला रन आऊट मात्र यातला नाही. तिथला ‘आऊट’ म्हणजे बाद, म्हणून आपण त्याला धावचीत म्हणतो.

आणि मराठी चालतही नाही, वाहतही नाही, अशाही जागा आहेत, हे सांगायलाच हवं. निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार ‘रन’ करतो. ब्रिटनमधला ‘स्टँड’ करतो, आणि आपलाही उभाच राहतो. याचं कारण शोधायला बसू नका, तो त्या त्या लोकांचा प्रघात आहे. बातमी ‘रन’ करतात म्हणजे छापतात. रस्ता नदीच्या कडेनं ‘रन’ होतो, आपला रस्ता नुसता जातो. अशा गोष्टी भेटतील तशा भेटू द्याव्यात.

आता तुम्हाला जिथे ठेच लागली, तिथे येऊ. ‘रन धिस बाय अकाउंट्स’ यात तुम्हाला ‘रन’नं फसवलं नाही, ‘बाय’नं फसवलं. शाळेत ‘बाय’चा अर्थ ‘कडून’ असा शिकवतात, कर्मणी प्रयोगासाठी. तुम्ही त्या नियमाला धरूनच अर्थ लावला, तो आळस किंवा निष्काळजीपणा नव्हता. पण ‘बाय’चा जुना अर्थ ‘जवळ’, ‘जवळून’ असा आहे. ‘बाय द रिव्हर’ म्हणजे नदीकाठी. ‘पासर-बाय’ म्हणजे जवळून जाणारा, वाटसरू. तर ‘रन धिस बाय देम’ म्हणजे हे एकदा त्यांच्या जवळून ने, त्यांच्या डोळ्यांपुढून जाऊ दे. काम तुमचंच, फक्त त्यांचं मत घ्यायचं. मराठीत यासाठी तंतोतंत जुळणारा वाक्प्रचार आहे, ‘नजरेखालून घालणे’. ‘हे आधी अकाउंट्सच्या नजरेखालून घाला’ असं मॅनेजर म्हणाले असते तर तुमचे दोन दिवस वाचले असते. काही जण ‘बाय’च्या जागी ‘पास्ट’ म्हणतात, अर्थ तोच.

या शेपटांविषयी थोडं जास्त लिहिते, कारण कामाच्या ठिकाणी खरी अडचण त्यांचीच असते. आऊट, इनटू, डाउन, ओव्हर, थ्रू, बाय. हे शब्द दिसायला इतके छोटे की त्यांच्याकडे कुणी लक्षच देत नाही. पण तुम्ही पत्रात लिहिलंय, ‘फाइल पाठवून दिली’. यात काय दिलंत? ‘वाट पाहत बसले’. ते दोन दिवस तुम्ही सलग खुर्चीत होतात असा त्याचा अर्थ कुणी घेणार नाही. ‘दिली’नं काम आपल्याकडून हातावेगळं झाल्याचं कळतं. ‘बसले’नं वेळ फुकट गेल्याची खंत कळते. चावी हरवून बसलो, बोलून गेलो, सांगून टाकलं, यांतलं बसणं, जाणं, टाकणं शब्दशः घेऊन चालत नाही. आपण मुख्य क्रियापदामागे दुसरं क्रियापद उभं करून जे साधतो, त्यातलं बरंचसं इंग्रजी या छोट्या शब्दांनी साधते. परक्या माणसाला आपलं ‘टाकणे’ जितकं छळतं, तितकंच आपल्याला त्यांचं ‘आऊट’.

म्हणून ‘रन’ एकटा शिकूच नका. ‘रन इनटू’ हा एक अख्खा शब्द समजा. माणूस असेल तर अचानक गाठ पडणं, अडचण असेल तर ती समोर येणं, भिंत असेल तर आदळणं. ‘रन डाउन’चं तसंच. बॅटरी असेल तर उतरणं, माणसाविषयी असेल तर त्याला नावं ठेवणं, इमारत असेल तर पडकी, आणि ‘आय फील रन डाउन’ म्हणजे अंगात त्राण नाही. ‘द मीटिंग रॅन ओव्हर’ म्हणजे बैठक ठरल्यापेक्षा लांबली, पण गाडी कुणाला ‘रन ओव्हर’ करते तेव्हा ते गाडीखाली येणं असतं. दर वेळी अर्थ कोण ठरवतंय बघा. शेजारचा शब्द ठरवतोय. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये हेच मांडलं होतं, की शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते.

वहीचं काय करायचं? त्रेसष्ट अर्थांवर एक तिरपी रेघ मारा. नव्या पानावर अर्थ लिहायचे नाहीत, वाक्यं लिहायची. तुम्ही प्रत्यक्ष ऐकलेली किंवा मेलमध्ये आलेली, जशीच्या तशी. कोण म्हणालं आणि कशाविषयी, तेही लिहा. ‘रन धिस बाय अकाउंट्स फर्स्ट’ हे पहिलं वाक्य, कारण ते तुम्ही आता जन्मात विसरणार नाही. समोर मराठी लिहायचं ते शब्दाला शब्द नको. तुम्ही सहकाऱ्याला तोंडानं जसं सांगाल तसं लिहा. आठवड्याला तीन-चार वाक्यं पुष्कळ झाली.

शब्दकोश जरूर वापरा, पण कोणता ते बघून. ऑक्सफर्डचा तो मोठा कोश इतिहासाच्या क्रमानं जातो. आधी सगळ्यात जुना अर्थ, मग त्यानंतरचे. अभ्यासकाला तो खजिना आहे, तुम्हाला आत्ता त्याचा उपयोग नाही. शिकणाऱ्यांसाठी वेगळे कोश असतात, ते रोजच्या वापरातले अर्थ आधी देतात. १९८७ मध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखाली निघालेल्या कोबिल्ड कोशानं तर अर्थ पूर्ण वाक्यात सांगायची पद्धत आणली. ‘तुम्ही एखादा व्यवसाय रन करता तेव्हा तुम्ही तो सांभाळता’, अशा धाटणीची. शब्द आणि त्याची संगत एकाच वेळी कळते. तुमच्यासाठी तोच ठीक.

कोशात कधी एकाच स्पेलिंगच्या दोन वेगळ्या नोंदी दिसतील, त्यांना घाबरू नका. ‘बॅट’ म्हणजे वटवाघूळ आणि ‘बॅट’ म्हणजे चेंडू मारायची फळी, हे मुळात दोन निराळे शब्द, योगायोगानं सारखे झालेले. आपल्याकडे ‘ती पाठ’ आणि ‘तो पाठ’ असतात तसे. एक पृष्ठावरून आला, एक पठणावरून. त्यांच्यात नातं शोधलंत तर डोकं दुखेल. ‘सेट’मध्ये तर दोन्ही आहे. ‘सेट’ हे क्रियापद ‘सिट’चं प्रयोजक रूप, म्हणजे बसणेवरून बसवणे. मोडलेलं हाड सेट करतात, आपण बसवतो. अंगठीत खडा सेट करतात, आपण बसवतो. तुमच्या कामाची ‘घडी बसली’, तीही याच घरातली. पण वस्तूंचा ‘सेट’, म्हणजे संच, हा मात्र फ्रेंचमधून आला आणि यात येऊन मिसळला.

आणखी एक सांगते, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऐकून कळणं आणि स्वतः बोलणं ही दोन कामं वेगळी ठेवा. कळायला हवं जास्तीत जास्त. बोलताना मात्र ‘रन’ अजिबात वापरला नाहीत तरी काही बिघडत नाही. संपलं तर ‘फिनिश’ म्हणा, भेटलात तर ‘मीट’ म्हणा, चालवत असाल तर ‘मॅनेज’ म्हणा. साधं आणि बरोबर बोलणाऱ्या माणसाचं म्हणणं कुठल्याही ऑफिसात कळतं. वापर आपोआप वाढेल.

आणि कामाची सूचना आली, ‘रन’सारखा शब्द त्यात आहे आणि शंका आहे, तर अर्थ विचारायचा नाही, आपल्याला कळलेला अर्थ परत सांगायचा. ‘सो आय विल शो इट टू अकाउंट्स, अँड देन फिनिश इट मायसेल्फ. करेक्ट?’ असं एका ओळीत उत्तर पाठवा. बरोबर असेल तर ‘येस’ येईल, चूक असेल तर दोन दिवस जायच्या आत कळेल. अनुभवी माणसंही हे करतात, स्वतःच्या भाषेतसुद्धा, कारण सूचना देणाऱ्याच्या मनातलं आणि ऐकणाऱ्याला कळलेलं नेहमी एकच असतं असं नाही. त्या अंदाजपत्रकाबद्दल मॅनेजरशी अजून बोलला नसाल तर बोलून टाका. ‘बाय’चा अर्थ मी ‘कडून’ असा घेतला, म्हणून थांबले, एवढं पुरे. माफीची लांबण नको.

हसणाऱ्या सहकाऱ्याचं मनाला लागलं हे साहजिक आहे, मलाही वाचताना लागलं. तो पुन्हा हसला तर त्याला ‘नजरेखालून घालणे’चं शब्दशः इंग्रजी करायला सांगावंसं मला वाटतं, पण तुम्ही तसं करू नका. वहीतलं दुसरं वाक्य कोणतं मिळालं, ते मात्र मला लिहून कळवा.